वनव्याप्त जिल्ह्यांतील लघुप्राणी पशुवैद्यक : गावकुत्र्याच्या लसीकरणाचा प्रश्न

प्रस्तावना :

पशुवैद्यक शास्त्रात गाय, बैल, म्हैस, घोडा यांच्या चिकित्सेहून कुत्रा व मांजर यांच्या चिकित्सेची शाखा वेगळी मानली जाते. या शाखेस ‘लघुप्राणी वैद्यक’ असे संबोधले जाते. ही संज्ञा उच्चारताच महानगरातील खाजगी दवाखाना, साखळीला बांधलेला जातिवंत श्वान आणि सधन मालक असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. त्यामुळे गडचिरोली व चंद्रपूर यांसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांशी या शाखेचा संबंध तो काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते वर्गातील एका साध्या प्रसंगामुळे. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी हाताला फडके बांधून वर्गात बसला होता. चौकशी केली असता, चार दिवसांपूर्वी गावी घरच्याच पिलाने चावा घेतल्याचे त्याने सांगितले. आजीने जखमेवर चुना व तिखट लावले होते. पिलू दोन दिवसांनी झटके येऊन मेले आणि ते गावाबाहेरच्या नाल्यात टाकण्यात आले. विद्यार्थ्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेले. त्याचे लसीकरण पूर्ण झाले आणि तो आज सुखरूप आहे. परंतु पिलू कशाने मेले, हे कधीच कळणार नाही. त्याला रेबीज होता की डिस्टेम्पर? नाल्यातील त्याचे कलेवर रात्री कोणत्या प्राण्याने खाल्ले? पहिला प्रश्न माणसाच्या आरोग्याचा आहे, दुसरा अरण्याच्या आरोग्याचा. आणि दोन्ही प्रश्नांचे मूळ एका लस न टोचलेल्या पिलात आहे.

उद्दिष्टे :

१) गावकुत्र्याचे पशुवैद्यकीय व्यवस्थेतील स्थान स्पष्ट करणे.
२) रेबीज व डिस्टेम्पर या दोन रोगांच्या लसीकरणाचे शास्त्रीय स्वरूप व त्यांतील भेद समजावून घेणे.
३) दैनंदिन चिकित्सेतील अडचणी व महाविद्यालयांची संभाव्य भूमिका यांचा विचार करणे.

गावकुत्रा : नोंदवहीबाहेरचा प्राणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याचा सुमारे ७६ टक्के भाग वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येची घनता प्रति चौरस किलोमीटर केवळ ७४ इतकी आहे. अशा विरळ वस्तीच्या प्रदेशात कुत्रा हा हौसेचा प्राणी नव्हे. तो शेताची राखण करतो, शेळ्यांमागे जातो, मोहफुले वेचायला भल्या पहाटे निघालेल्या बाईच्या पुढे चालतो आणि वाघाची वा अस्वलाची चाहूल सर्वांत आधी देतो.

असे असूनही त्याची नोंद कोठेच नीट होत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटके कुत्रे नोंदविले गेले. पाळीव कुत्र्यांची गणना स्वतंत्रपणे होते. परंतु गावकुत्रा या दोहोंपैकी कोणत्या रकान्यात बसवायचा? त्याला घर असते, नाव असते, उरलेले अन्न मिळते, परंतु साखळी नसते. तो रात्री गावभर व रानात हिंडतो. धनी आहे म्हणून तो भटका नव्हे आणि बांधलेला नाही म्हणून शहरी अर्थाने पाळीवही नव्हे. परिणामी त्याच्या आरोग्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

पशुसंवर्धनाची शासकीय व्यवस्था ही प्रामुख्याने शेतीच्या व दुधाच्या जनावरांसाठी उभी राहिली. खेड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यास आजही ‘ढोरांचा दवाखाना’ म्हटले जाते, ते सार्थच होय. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस या रोगांसाठी होता. त्यात कुत्रा नव्हता. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली असता राज्यभर गोवंशाचे व्यापक लसीकरण करण्यात आले. अर्थात दारोदार जाऊन लस टोचण्याची क्षमता या व्यवस्थेत निश्चितच आहे. कुत्रा दवाखान्यात आणला तर त्याच्यावर उपचार होतात; परंतु दवाखाना कुत्र्यापर्यंत जात नाही, ही वस्तुस्थिती आहे.

रेबीज : माणसापर्यंतची वाट

रेबीज अर्थात अलर्क रोगाचा विषाणू चाव्यावाटे लाळेतून शरीरात शिरतो व मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. लक्षणे प्रकट झाल्यानंतर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत विषाणू कुत्र्याकडूनच आलेला असतो. भारतापुरता विचार करता, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत केलेले सर्वेक्षण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात व सुमारे ५,७०० लोक रेबीजने मृत्युमुखी पडतात. हा आकडा पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या वार्षिक १८ ते २० हजार मृत्यूंच्या अंदाजापेक्षा बराच कमी आहे. तरीही प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता, हे विसरता येत नाही.

चाव्यानंतर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, लस घेणे आणि जखम खोल असल्यास तीत प्रतिपिंडे टोचणे, हे उपचाराचे तीन टप्पे होत. चुना, तिखट, हळद यांमुळे जखम चिघळते आणि विषाणू धुतला जात नाही. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती खेड्यांत अद्याप ऐकू येते. वास्तविक मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली असून आता दंडावर मोजक्याच मात्रा दिल्या जातात.

मात्र माणसाला लस टोचल्याने रोगाचा स्रोत आटत नाही. तो आटवायचा तर कुत्र्यालाच लस द्यावी लागते. यामागील गणित समजून घेण्याजोगे आहे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. म्हणून कोणत्याही वेळी २० ते ४० टक्के कुत्रे संरक्षित असल्यास साखळी तुटते. तथापि गावकुत्र्यांचे आयुष्य अल्प असते. समजा, एका गावात १०० कुत्रे आहेत व त्यांपैकी ७० कुत्र्यांना लस टोचली. वर्षभरात ४० कुत्रे मेले आणि त्यांची जागा ४० नव्या पिलांनी घेतली, तर संरक्षित कुत्रे सुमारे ४२ उरतात. साखळी तुटलेलीच राहते. परंतु आरंभी केवळ ४० कुत्र्यांना लस दिली असेल, तर वर्षाअखेर २४ च उरतात आणि रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. जगभर मान्य झालेला ‘वर्षाला ७० टक्के’ हा निकष यातून आला आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ पासून शासन व स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण सुरू झाले. पुढे वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांपर्यंत हे काम पोहोचले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक प्रकरणांत ९२ टक्के घट झाली आणि कुत्र्यापासून माणसाला होणारा रेबीज राज्यातून हटला. २०२१ मध्ये गोव्यास ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ घोषित करण्यात आले. गोवा लहान, दाट वस्तीचे व रस्त्यांनी जोडलेले राज्य आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा तसे नाहीत. तरीही शास्त्र तेच आहे. बदलावी लागेल ती पोहोचण्याची पद्धत.

डिस्टेम्पर : अरण्यापर्यंतची वाट

डिस्टेम्परचा विषाणू गोवराच्या विषाणूचा व ज्येष्ठ शेतकऱ्यांना स्मरत असलेल्या ‘बुळकांडी’च्या विषाणूचा सख्खा नातेवाईक आहे. लसीकरणाच्या बळावर बुळकांडीचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाले. डिस्टेम्परची कथा मात्र इतकी सरळ नाही. या रोगात कुत्र्याला ताप येतो, डोळ्यांत चिपडे येतात, नाक वाहते, हगवण लागते, पंजाच्या गाद्या कठीण होतात आणि अखेरीस झटके येऊ लागतात. घरगुती मांजराला हा रोग त्रास देत नाही. परंतु सिंह, वाघ, बिबट, रानकुत्रे, कोल्हे व खोकड यांना तो होऊ शकतो.

१९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटी अरण्यात सुमारे १,००० सिंह, म्हणजे तेथील जवळजवळ एक तृतीयांश सिंह, या रोगाने मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातमधील गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांतील काहींमध्ये हा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत निष्पन्न झाले. त्यानंतर सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प व त्याभोवतीचा प्रदेश यांच्या दृष्टीने ही बाब दूरची नाही. बिबट हा गावाच्या कडेने राहणारा प्राणी आहे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारावरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. चंद्रपूर शहरालगतच्या दुर्गापूर व वीज केंद्राच्या परिसरात बिबट वस्तीपर्यंत येतो हे आपण पाहतोच. रोगी कुत्रा पळू शकत नाही, म्हणून तोच आधी भक्ष्य होतो.

येथे एका प्रचलित समजुतीचे निराकरण करणे आवश्यक वाटते. ‘गावातील कुत्र्यांना लस दिली की वाघ सुरक्षित’ असे सोपे समीकरण मांडले जाते. संशोधन त्यास पूर्णतः दुजोरा देत नाही. सेरेंगेटीभोवतीच्या गावांत कुत्र्यांना लस दिल्यावर कुत्र्यांतील संसर्ग घटला, परंतु सिंहांतील संसर्ग थांबला नाही, असे २०१५ मधील विश्लेषणातून दिसून आले. रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघांविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विषाणूचा मुख्य साठा कुत्र्यांत नसून लहान वन्य मांसभक्षकांत असल्याचे निष्पन्न झाले. शिवाय हा विषाणू श्वासावाटेही पसरत असल्याने त्याची साखळी तोडण्यास रेबीजपेक्षा कितीतरी अधिक कुत्र्यांना लस द्यावी लागते.

यावरून दोन्ही लसींचे प्रयोजन भिन्न असल्याचे स्पष्ट होते. रेबीजची लस कुत्र्याला व त्याच्यामार्फत माणसाला वाचवते, हे सिद्ध झालेले आहे. डिस्टेम्परची लस कुत्र्याला निश्चित वाचवते व वनाचा धोका कमी करू शकते. परंतु केवळ तिच्यावर विसंबून वाघाची हमी देता येत नाही. वाघाच्या नावाने निधी मिळतो म्हणून डिस्टेम्परची लस पुढे करणे आणि माणसाला वाचवणारी लस मागे ठेवणे हा क्रम उलटा होय. प्रथम रेबीज, सोबत शक्य तेथे डिस्टेम्पर, हाच शास्त्रसंमत क्रम ठरतो.

दैनंदिन चिकित्सेतील अडचणी :

पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. पिलाला आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करतात. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार डिस्टेम्पर व पार्वोची लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, वय १६ आठवडे वा अधिक होईपर्यंत दिली जाते. शहरी मालकास हे शक्य असते. दुर्गम गावात पशुवैद्य वर्षातून एकदा पोहोचला तरी पुष्कळ. अशा वेळी एकच मात्रा देणे शक्य असल्यास ती १६ आठवड्यांनंतर द्यावी, अशी याच मार्गदर्शनातील शिफारस आपल्याकडे मोलाची ठरते. रेबीजच्या सामूहिक मोहिमेत मात्र लहान पिलांनाही वगळू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण घरात मुलांच्या हाती खेळणारे पिलूच असते.

दुसरी अडचण शीतसाखळीची. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. रेबीजची मृत विषाणूची लस तुलनेने चिवट आहे. टांझानियात केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी एक लस ३० अंशांवर तीन महिने ठेवूनही परिणामकारक राहिली. डिस्टेम्परची जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस नाजूक असते व विरघळविल्यावर ती लगेच वापरावी लागते. दुर्गम भागात रेबीजची लस प्रथम नेण्यास हेही एक व्यावहारिक कारण आहे.

तिसरी अडचण निदानाची. झटके देणारा, लाळ गाळणारा कुत्रा डिस्टेम्परचा की रेबीजचा, हे केवळ पाहून सांगता येत नाही. खात्रीसाठी मृत कुत्र्याच्या मेंदूचा नमुना तपासावा लागतो. त्यासाठी नागपूरसारख्या ठिकाणची प्रयोगशाळा गाठावी लागते आणि गडचिरोलीहूनच नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. सिरोंचा त्याहून कितीतरी दूर. म्हणून निदान होईपर्यंत अशा प्रत्येक कुत्र्यास रेबीजचाच समजून वागणे, चावा घेणारा कुत्रा जिवंत असल्यास दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवणे व उपचार मात्र तत्काळ सुरू करणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

चौथी अडचण औषधांच्या मात्रेची. ढोरांच्या दवाखान्यातील बाटल्या तीनशे किलोच्या जनावरासाठी असतात. गोचिडांसाठीचे आयव्हरमेक्टिन पाच किलोच्या पिलाला अंदाजाने टोचल्यास विषबाधा होऊ शकते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, कारण ती पचविणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अत्यंत दुर्बल असते. वजनकाटा व रक्ताची काच तपासण्यापुरता सूक्ष्मदर्शक, एवढ्या साधनांनीही दैनंदिन चिकित्सेत मोठा फरक पडतो.

महाविद्यालयांची भूमिका :

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके इत्यादींच्या आवारातून भटके कुत्रे हटविण्याचे निर्देश दिले. त्यामुळे कुत्रा हा विषय प्रत्येक महाविद्यालयाच्या बैठकीत आला. परंतु आवाराची भिंत ओलांडली की आपले विद्यार्थी ज्या गावी परततात, तेथील कुत्रा तसाच राहतो. त्याचा विचार आपणच केला पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या दत्तक गावात पशुसंवर्धन विभागाच्या सहकार्याने लसीकरण शिबिर घेणे सहज शक्य आहे. त्यासाठी फेब्रुवारी महिना सर्वांत योग्य वाटतो. गावकुत्र्यांची बहुसंख्य पिले पावसाळा सरल्यानंतर, हिवाळ्याच्या तोंडी जन्मतात. नोव्हेंबरमध्ये जन्मलेले पिलू फेब्रुवारीत तीन-साडेतीन महिन्यांचे झालेले असते. धानाची कामे आटोपलेली असतात, पर्लकोटेसारख्या नद्यांच्या पुराचा अडथळा नसतो, उन्हाची तीव्रता वाढलेली नसते आणि मोहाचा हंगाम सुरू होऊन माणसे व कुत्री पहाटे रानात जाऊ लागण्यापूर्वीच लस टोचून होते.

लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करावी व दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फेरी मारून मोजणी करावी. दिसलेल्या ४० कुत्र्यांपैकी २८ खुणेचे असतील, तर ७० टक्के उद्दिष्ट गाठले असे समजावे. संख्याशास्त्र व प्राणिशास्त्र या दोन्ही विषयांसाठी हे उत्तम प्रात्यक्षिक होईल. विद्यार्थ्यांनी नोंदवही, मोजणी व प्रबोधन सांभाळावे. कुत्रा धरण्याचे काम मात्र पूर्वप्रतिबंधक लस घेतलेल्या प्रशिक्षित व्यक्तींनीच करावे.

गावातील माणूस हे काम शिकू शकेल का, अशी शंका घेतली जाते. या शंकेस याच जिल्ह्याने उत्तर दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा इतरांकडून घेण्याची तरतूद करता येते. शेळ्यांसाठी काम करणाऱ्या ‘पशुसखी’ अनेक गावांत आहेतच. त्यांच्या नोंदवहीत कुत्र्याचा एक रकाना वाढविणे, ही आरंभाची पायरी ठरू शकते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, वनव्याप्त जिल्ह्यांत लघुप्राणी वैद्यक ही चैनीची नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याची शाखा आहे. आरोग्य विभाग माणसाला लस देतो, वन विभाग वाघाची चिंता वाहतो, पशुसंवर्धन विभाग ढोरांची काळजी घेतो. या तिन्हींच्या मधोमध उभा असलेला गावकुत्रा मात्र कोणाचाच नसतो. रोग नेमका त्याच मोकळ्या वाटेने येतो.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढील वर्षी गावातल्या कुत्र्यांची यादी स्वतःहून करून आणली. एका पाठकोऱ्या कागदावर एकतीस कुत्री, प्रत्येकाचे नाव, घर आणि अंदाजे वय त्याने लिहिले होते. ‘लस टोचली काय?’ हा शेवटचा रकाना एकतीसही ओळींत कोरा होता. तो भरणे ही आता आपली जबाबदारी आहे.